विलायतेतील रोजच्या खर्चाची वही

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला होता. तो आता नोकरीत स्थिरावला असून येत्या सुट्टीत सपत्नीक दहा दिवस लंडन व पॅरिस ही शहरे पाहावयास जाणार आहे. खोलीचे भाडे, न्याहारी, जेवण, गाडीभाडे, तिकिटे असे रकाने पाडून त्याने रोजचा खर्च एका तक्त्यात मांडला होता आणि अखेरीस सर्व रकमांचा एकाच दराने गुणाकार करून रुपये काढले होते. "गुरुजी, बेरीज तेवढी तपासून द्या," असे तो म्हणाला. बेरीज बिनचूक होती. माझे बोट थांबले ते शेवटच्या गुणाकारावर. त्या निमित्ताने आमचे जे बोलणे झाले, तेच थोडे नीटनेटके करून आज आपणांस सांगणार आहे.

आपल्या परभणी जिल्ह्यातील जुन्या माणसांस हा दराचा प्रश्न काही नवा नव्हता. निजामच्या राज्यात हाली शिक्क्याचा रुपया चाले आणि इंग्रजी मुलखात कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा साधारण हिशेब असे. माझे आजोबा सेलूच्या बाजारात कापूस विकीत. "मुंबईस जाणाऱ्याने आधी साताचे सहा करावेत, मग गाडीत पाय ठेवावा," असे ते म्हणत. हाली रुपया १९५० नंतरच्या दशकात चलनातून गेला. परंतु त्या काळी आपल्याकडील कोणी विलायतेस जावयाचे म्हटले असते, तर त्यास हालीचे कलदार व कलदारांचे पौंड असा दुहेरी हिशेब करावा लागला असता. पौंडाचे वीस शिलिंग आणि शिलिंगाचे बारा पेन्स, हे पाठांतर निराळेच.

युरोपातील शहरात बेताने कसे राहावे, याचा प्रसिद्ध दाखला महात्मा गांधींचा आहे. १८८८ साली ते बॅरिस्टर होण्यास लंडनला गेले. प्रारंभी टोपी, पोशाख व नृत्याचे धडे यांवर बराच पैसा गेला. पुढे त्यांनी पै पैचा हिशेब ठेवावयास आरंभ केला. बसचे भाडे, टपालाचे तिकीट, वर्तमानपत्राचे दोन पैसेदेखील वहीत चढत आणि रात्री निजण्यापूर्वी शिल्लक जुळविली जाई. अखेर एका खोलीत राहून, सकाळी ओटची लापशी व कोको घरीच करून, ते दिवसाला एक शिलिंग तीन पेन्सांत जेवणखाण भागवू लागले. त्या काळच्या दराने ही रक्कम रुपयाच्या आतबाहेर येते.

त्यांच्या पॅरिसच्या सहलीची हकीकत तर माझ्या विद्यार्थ्याच्या तक्त्याशी अगदी जुळणारी आहे. तेथील मोठे प्रदर्शन पाहण्यास ते गेले व सात दिवस राहिले. (आत्मकथेत साल १८९० असे पडले आहे, पण ते प्रदर्शन १८८९ चे होय.) शाकाहारी भोजनगृहात खोली घेतली, नकाशा हाती धरला आणि बहुतेक शहर पायी पाहिले. इतक्या काटकसरीतही, उंचावर बसून जेवलो एवढे म्हणता यावे म्हणून त्यांनी आयफेल मनोऱ्यावरच्या उपाहारगृहात सात शिलिंग उडविले. म्हणजे पाच दिवसांहून अधिक दिवसांचे जेवण एका बैठकीत गेले. मला हा प्रसंग फार आवडतो. ज्याच्या वहीत अशी एकही नोंद नाही, त्याच्या वहीवर माझा पुरता विश्वास बसत नाही.

तथापि गांधींच्या वहीत जी अडचण फारशी दिसत नाही, ती आपल्या महाराष्ट्राच्या एका सुपुत्राच्या वाट्यास पुरेपूर आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अर्थशास्त्राचे शिक्षण लंडनला अपुरे राहिले होते. ते पुरे करण्यासाठी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकी सोडून जुलै १९२० मध्ये ते पुन्हा निघाले. पगारातून शिल्लक टाकलेली रक्कम, नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य, एवढे त्यांचे भांडवल. मागे परळच्या चाळीत रमाबाई संसार ओढीत होत्या.

आता रुपयाची अवस्था पाहा. १९२० च्या आरंभी तो अडीच शिलिंगांच्याही वर चढला होता. सरकारने तो दोन शिलिंगांस बांधण्याचा निश्चय केला आणि त्यापायी लंडनमधील आपली गंगाजळी खर्ची घातली. पण सप्टेंबरच्या अखेरीस सरकारने हात टेकले. त्याच महिन्याच्या ३० तारखेस आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव दाखल केले! पुढच्या वसंतात रुपया एक शिलिंग चार पेन्सांच्याही खाली गेला. दोन शिलिंगांच्या दराने पाच हजार रुपयांचे ५०० पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सांच्या दराने तेच ३३३ पौंड होतात. रुपये तेवढेच राहिले, वहीही चोख राहिली, आणि १६७ पौंड कोठे गेले ते कोणत्याच रकान्यात सापडेना. ज्याने घरून एकदम सारे पौंड घेतले त्याचे निभावले. ज्यास हप्त्याहप्त्याने रुपये मागवावे लागले, त्याच्या ताटातील घास तेवढा कमी झाला.

ही काटकसर कोणत्या थरास गेली होती, ते चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. सकाळी बिऱ्हाडी पावाचा तुकडा, त्यावर मुरंब्याचा पातळ हात आणि चहा. मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, दुपारच्या जेवणास बहुधा फाटा. शहरात फिरणे पायी. रात्री भूक असह्य झाली म्हणजे कोणा ओळखीच्याने दिलेल्या पापडांपैकी चार भाजावयाचे व वर कपभर दूध घ्यावयाचे. १९२१ साली त्यांना शाहू महाराजांकडे पत्राने २०० पौंड कर्जाऊ मागावे लागले. ज्याने आधीच कर्ज काढले आहे, त्यास दुसरे पत्र लिहिताना लेखणी किती जड होत असेल, हे मास्तरकीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला सांगावे लागत नाही.

आणि हा विद्यार्थी लिहीत काय होता? त्याच्या प्रबंधाचा विषयच रुपयाचा प्रश्न हा होता. १९२३ मध्ये तो लंडनला ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. रुपया पौंडाशी बांधला म्हणजे काम झाले असे नाही. देशात त्या रुपयाला काय मिळते, ती क्रयशक्ती स्थिर राहिली पाहिजे, असे त्यांनी त्यात मोठ्या विद्वत्तेने प्रतिपादिले. ग्रंथातील युक्तिवाद आकड्यांचा व इतिहासाचा आहे, स्वतःच्या हालांचा त्यात चकार शब्द नाही. मी मात्र ते आकडे वाचू लागलो की मला ते चार पापड आठवतात. १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष देण्यासही तेच उभे राहिले.

हे सारे ऐकून माझ्या विद्यार्थ्याने तक्ता परत घेतला आणि पेन काढून शेवटी आणखी दोन रकाने पाडले. पौंड पाच रुपयांनी चढला तर एकूण किती, आणि दहा रुपयांनी चढला तर किती. खोलीचे पैसे आजच भरून टाकतो, म्हणजे तेवढा भाग दराच्या तडाख्यातून सुटेल, असेही तो म्हणाला. मनोऱ्यावरच्या जेवणाची नोंद त्याच्या पत्नीने स्वतःच्या हाताने केली होती, ती तशीच राहू दिली.

मग मी त्यास विचारले की किंग हेन्रीज रोडवरचे दहा क्रमांकाचे घर पाहणार ना? बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तेथे राहत असत आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते विकत घेतले. त्याने तक्ता उलटून दाखविला. घराचे नाव तेथे होतेच, पुढे गाडीभाड्याचा रकाना कोरा होता. ब्रिटिश म्युझियमपासून दोन-अडीच मैल पडते, चालतच जाणार, असे त्याने सांगितले.