पेव, बेदाणा आणि धिंगरी

आजचा सांगली जिल्हा १९४९ साली तयार झाला. जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि सांगली, मिरज, जत ही संस्थाने यांतून तो घडला. आधी त्याला ‘दक्षिण सातारा’ म्हणत, सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. सातारा आणि सांगली एकत्र पाहिले तर महाराष्ट्राचे सगळे हवामान या पट्ट्यात सापडते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर माण आणि जतमध्ये तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. अशा मुलखात शेतकऱ्याने काय काय लावून पाहिले नसेल? त्यातली काही पिके टिकली आणि जिल्ह्याची ओळख झाली, काही दोन-चार हंगामांत विसरली गेली. गेली चार दशके कमी जागेचा, कमी भांडवलाचा जोडधंदा म्हणून जिची शिफारस होते ती अळंबी मात्र या दोन्हींच्या मध्येच अडकली आहे. तिचे प्रशिक्षण मिळते, बियाणे मिळते, करून पाहणारेही दर हंगामाला निघतात. पण हळद, बेदाणा किंवा स्ट्रॉबेरी जशी इथली झाली तशी ती झालेली नाही. याचा दोष बहुधा उष्ण हवेला किंवा लोकांच्या खाण्याच्या सवयींना दिला जातो. या दोन जिल्ह्यांचा शेतीव्यापाराचा इतिहास पाहिला तर खरे कारण दुसरीकडे सापडते. इथे तोच माल रुजला, जो टिकवण्याची आणि एकत्र विकण्याची सोय कोणीतरी आधी उभी केली होती. अळंबीच्या बाबतीत पिकवण्याचे शास्त्र आले आणि ही सोय मागे राहिली.

अळंबी इथल्या माणसाला परकी नाही. पाटण, जावळी, शिराळा या घाटाकडच्या तालुक्यांत पहिल्या पावसानंतर वारुळांवर उगवणारी अळंबी लोक पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, खुडतात आणि खातात. पण ही रानअळंबी वाळवीच्या आधाराने वाढते. वाळवी आणि बुरशी यांचे हे सहजीवन माणसाला कृत्रिमरीत्या साधता आलेले नाही, त्यामुळे तिची व्यापारी लागवड आजही होत नाही. म्हणजे जी अळंबी लोकांना ठाऊक होती ती पिकवता येत नव्हती आणि जी पिकवता येत होती ती लोकांना ठाऊक नव्हती. अभ्यासाची कमतरता मात्र कधीच नव्हती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात मा. ना. कामत यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे बुरशीशास्त्राची भक्कम परंपरा उभी राहिली. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावर, म्हणजे बुरशीच्याच एका रोगावर, संशोधन करणारे केंद्र आहे. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने १९८० मध्ये नैऋत्य भारतातील भूछत्रांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात महाराष्ट्रातील जातींची शास्त्रीय नोंद आली. लागवडीचे तंत्रही देशात टप्प्याटप्प्याने तयार होत गेले. १९४० च्या दशकात कोइमतूरला भाताच्या पेंढ्यावरची अळंबी पिकवण्यात आली, १९६१ पासून हिमाचलातल्या सोलनला बटण अळंबीचे काम सुरू झाले आणि १९६२ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत धिंगरी जातीची अळंबी पेंढ्यावर वाढवण्याची पद्धत मांडली गेली. १९८३ मध्ये सोलनला राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. त्या प्रकल्पाच्या पहिल्या केंद्रांत पुण्याचे कृषी महाविद्यालय होते. सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला तेव्हापासून हे शास्त्र एका दिवसाच्या प्रवासावर उपलब्ध आहे.

शास्त्र जवळ असूनही धंदा का बसला नाही, हे समजण्यासाठी जिथे तो बसला तिकडे पाहावे. पॅरिसच्या आसपासच्या जुन्या दगडखाणींत एकोणिसाव्या शतकात बटण अळंबी मोठ्या प्रमाणावर पिकू लागली. तिथे भुयारांतला गारवा होता, शहरातल्या हजारो घोड्यांची लीद होती आणि रोज सकाळी माल उचलणारी बाजारपेठ हाकेच्या अंतरावर होती. शुद्ध बियाणे तयार करण्याची रीत पाश्चर संस्थेने १८९४ च्या सुमारास दिली. धान्यावर वाढवलेले बियाणे तर अमेरिकेत १९३० च्या दशकात आले. म्हणजे शास्त्राने बियाण्याची अडचण सोडवली त्याच्या कितीतरी आधी त्या शहराने विक्रीची अडचण सोडवली होती. चीनच्या झेजियांग प्रांतातल्या दुर्गम डोंगरांत शिताके अळंबी लाकडाच्या ओंडक्यांवर शेकडो वर्षे पिकत आली. तिथून ताजा माल कुठेही पोचण्याची शक्यता नव्हती. ती अळंबी वाळवली जात असे, म्हणूनच ती दूरच्या बाजारांत गेली आणि डोंगरातल्या कुटुंबांचे पोट भरू शकली. आपल्या देशात हरियाणातल्या सोनीपतकडचे उदाहरण आहे. तिथे लहान शेतकरी हिवाळ्यात गवताच्या झोपड्यांत बटण अळंबी काढतात. वातानुकूलित खोल्यांचा खर्च त्यांना करावा लागत नाही, कारण हंगाम थंडीचा असतो आणि दिल्लीची आझादपूर मंडई जवळ आहे. या तिन्ही ठिकाणी हवा वेगळी, जात वेगळी, काळ वेगळा. समान आहे ती एकच गोष्ट, माल खराब होण्याआधी पैशात बदलण्याची पक्की वाट.

तीच गोष्ट सांगलीच्या हळदीने सिद्ध केली. सांगली ही हळदीची पेठ झाली ती केवळ आसपासच्या शिवारात हळद चांगली येते म्हणून नव्हे. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवे खणली गेली. तिथल्या घट्ट मातीत खणलेल्या या पेवांत शिजवून वाळवलेली हळद भरायची आणि तोंड बंद करायचे. हवा आत जात नाही, कीड लागत नाही आणि माल वर्षानुवर्षे राहतो. याचा अर्थ शेतकऱ्याला किंवा व्यापाऱ्याला भाव पडला असताना विकण्याची सक्ती उरली नाही. थांबण्याची ताकद आली की सौद्याला बळ येते आणि सौदे भरवशाचे झाले की दूरदूरचा माल त्या पेठेकडे वळतो. मराठवाड्यापासून कर्नाटकापर्यंतची हळद सांगलीत येऊ लागली त्यामागे हे आहे. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले आणि मोठे नुकसान झाले. पुढे साठवण गोदामांत आणि शीतगृहांत गेली, पण पेठ हलली नाही. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. ते मानांकन पिकाचे आहे हे खरे, परंतु त्या पिकाला सांगलीचे नाव मिळवून दिले ते साठवणीने आणि पेठेने.

याच दोन जिल्ह्यांत नाशवंत मालाची उदाहरणेही आहेत आणि ती अळंबीला अधिक जवळची आहेत. तासगाव, कवठेमहांकाळकडची द्राक्षे काढणीनंतर फार थांबत नाहीत. भाव कोसळला की बागायतदार हतबल होत असे. त्यावर उत्तर निघाले बेदाण्याचे. पूर्व भागातली कोरडी हवा, जी तोवर शाप मानली जात होती, तीच इथे भांडवल ठरली. नागजच्या पट्ट्यात जाळ्यांची शेड उभी राहिली, चार किलो द्राक्षांचा सुमारे एक किलो बेदाणा होऊ लागला, तासगाव आणि सांगलीला त्याचे सौदे भरू लागले आणि शीतगृहांनी तो माल वर्षभर सांभाळला. द्राक्ष बागायतदारांचा राज्यव्यापी संघ पाठीशी असल्याने नवे ज्ञान एका बागेतून दुसऱ्या बागेत लवकर पोचले. महाबळेश्वरची गोष्टही अशीच आहे. १८२० च्या दशकाअखेरीस वसवलेल्या या थंड हवेच्या ठिकाणी परदेशी भाजीपाला गोऱ्यांच्या जेवणासाठी पिकू लागला. एकोणिसाव्या शतकात तिथल्या तुरुंगातले चिनी कैदीसुद्धा तो पिकवत. स्ट्रॉबेरी इंग्रजी अमदानीतच आली, पण तिचा मोठा विस्तार झाला तो स्वातंत्र्यानंतर, जाम, सिरप आणि क्रश बनवणारे उद्योग पाचगणी परिसरात उभे राहिल्यावर. त्यांपैकी मॅप्रोची सुरुवात १९५९ ची आहे. डागी, लहान किंवा उशिरा पिकलेले फळ फेकून न देता विकता येऊ लागले, तेव्हा भिलारसारख्या गावांतल्या शेतकऱ्याला त्या पिकावर विसंबता आले. दूध तर काही तासांत नासणारा माल. भिलवडीला चितळ्यांनी १९३९ मध्ये सुरू केलेली डेअरी असो की पुढचे सहकारी दूध संघ असोत, त्यांनी गावोगाव सकाळ-संध्याकाळ संकलन उभे केले आणि दोन म्हशींच्या घरालासुद्धा नियमित पैसा मिळू लागला.

आता धिंगरीकडे यावे. तिची रीत अवघड नाही. काड किंवा पेंढा बारीक कापून रात्रभर भिजवायचा, सुमारे ऐंशी अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवून निर्जंतुक करायचा, निथळून प्लॅस्टिकच्या पिशवीत थरावर थर देत बियाणे पेरायचे आणि पिशव्या अंधाऱ्या खोलीत ठेवायच्या. पंधरा-वीस दिवसांत काडावर पांढरी बुरशी पसरते. मग पिशवी काढून उजेड, खेळती हवा आणि ऐंशी-नव्वद टक्के ओलावा द्यायचा. काही दिवसांत पहिली काढणी होते, त्यानंतर आणखी दोन-तीन. जमीन लागत नाही, विहीर लागत नाही, एक खोली पुरते. इतके सोपे असूनही अडचण काढणीच्या दिवशी सुरू होते. ताजी धिंगरी साध्या हवेत जेमतेम एक दिवस टिकते. एका घरातून निघणारे चार-पाच किलो घेऊन रोज शहरात जाणे परवडत नाही आणि गावात तेवढे गिऱ्हाईक नसते. काही ठिकाणी बियाणे विकणाराच माल परत घेण्याचा शब्द देतो. असा शब्द कागदावर नसेल किंवा पाळला गेला नाही, तर शेतकऱ्याचे बियाण्याचे पैसे आधी गेलेले असतात आणि पिकलेला माल हातात सडतो. पहिल्याच हंगामात हे घडले की ते घर पुन्हा त्या वाटेला जात नाही. पिकवण्याची परीक्षा ते घर उत्तीर्ण झालेले असते. हरलेले असते ते विक्रीपाशी.

यावर काही आक्षेप घेतले जातील आणि त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की हळद मुळातच टिकाऊ आहे, अळंबी ताजीच खाल्ली जाते, मग ही तुलना कशाला? पण द्राक्ष, स्ट्रॉबेरी आणि दूध हेही ताजेच खपणारे माल आहेत आणि तरीही त्यांना टिकाऊ रूप मिळाले. धिंगरी तर वाळवायला सोयीची. तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. दहा किलो ताजा माल वाळून साधारण किलोभर होतो, महिनोन्‌महिने राहतो आणि भिजवला की पुन्हा रस्स्यात चालतो. दुसरा आक्षेप हवेचा. बटण अळंबीला वाढीच्या शेवटच्या टप्प्यात चौदा ते अठरा अंशांचा गारवा लागतो, तो इथे बहुतेक ठिकाणी यंत्रानेच आणावा लागतो आणि त्यात मोठ्या प्रकल्पांशी लहान शेतकऱ्याने स्पर्धा करू नये, हे मान्य. धिंगरी मात्र वीस ते तीस अंशांत येते आणि दुधी अळंबी तीस-पस्तीस अंशांतही. पावसाळा आणि हिवाळा धिंगरीचा, उन्हाळा दुधी अळंबीचा, अशी वाटणी या जिल्ह्यांत शक्य आहे. तिसरा आक्षेप आवडीचा. अनेक घरांत अळंबी खात नाहीत, हे खरे आहे. पण स्ट्रॉबेरी महाबळेश्वरच्या शेतकऱ्याच्या ताटात तरी कुठे होती? माल पिकतो त्या गावातच तो खपला पाहिजे असा नियम या भागातल्या एकाही यशस्वी पिकाने पाळलेला नाही.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत चारा म्हणजे जनावरांचा जीव. दुष्काळात इथे चारा छावण्या उभाराव्या लागतात. तिथे कडबा अळंबीत घालणे अन्यायाचे ठरेल. म्हणूनच कडब्याला हात लावू नये. सोयाबीनचे काड धिंगरीला चांगले मानवते. ऊसपट्ट्यात तर पाचट आजही अनेक शेतांत पेटवून दिले जाते. तेही योग्य प्रक्रिया करून वापरता येते. पीक निघून गेल्यावर उरलेले काड गांडूळ खताला जाते. म्हणजे हा धंदा पश्चिमेकडच्या भातपट्ट्यात आणि कृष्णाकाठच्या ऊस-सोयाबीनच्या गावांत आधी वाढवावा आणि दुष्काळी पूर्वेकडे वाळवणीचे काम द्यावे, कारण कोरडे ऊन तिकडे आहे. बेदाण्याने हाच मार्ग दाखवला.

शेवटी कोणी म्हणेल की सहकाराचे दिवस गेले, संस्था बुडतात, त्यावर भरवसा कसा ठेवायचा? संस्था बुडाल्या आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण म्हसवडला १९९७ मध्ये सुरू झालेली माणदेशी महिला सहकारी बँक याच दुष्काळी तालुक्यातली आहे आणि ती लहान रकमांच्या, घरात चालणाऱ्या व्यवसायांच्या बळावर उभी राहिली. इथल्या गावोगावच्या बचत गटांना पापड-लोणच्यांचे वाळवण आणि पॅकिंग नवीन नाही. साताऱ्याला बोरगावचे, कराडजवळ कालवड्याचे आणि सांगलीला कांचनपूरचे कृषी विज्ञान केंद्र आहे. माणसे, शिक्षण आणि काड हे तिन्ही हाताशी आहेत. म्हणून या दोन जिल्ह्यांत अळंबी करू पाहणाऱ्यांना आणि त्यांना अनुदान देणाऱ्यांना एकच विनंती आहे. प्रशिक्षण एकेका माणसाला देण्याऐवजी एका गावातल्या दहा-पंधरा घरांना मिळून द्या. बियाणे वाटण्याआधी वाळवणीचे यंत्र आणि घेणाऱ्याचा लेखी करार पक्का करा. हळदीला पेव आधी मिळाले, म्हणून हळद सांगलीची झाली. धिंगरीच्या बाबतीतही हा क्रम उलटा करून चालणार नाही.