ताराबाई, महाराणी
(१६७५–९ डिसेंबर १७६१). मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाचे १७०० ते १७०७ या निर्णायक काळात नेतृत्व करणारी राज्यकर्ती. सेनापती हंबीरराव मोहिते यांची कन्या व छत्रपती राजाराम यांची पत्नी. मार्च १७०० मध्ये राजाराम सिंहगडावर मृत्यू पावला. त्या वेळी शाहू मोगलांच्या कैदेत होता आणि औरंगजेबाच्या फौजांनी साताऱ्यास वेढा घातला होता. ताराबाईने आपला अल्पवयीन मुलगा शिवाजी यास गादीवर बसवून कारभार हाती घेतला.

तिच्या युद्धनीतीचे मर्म किल्ल्यांच्या लढाईत दिसते. किल्ला शक्य तितके दिवस लढवावयाचा, शत्रूचा पैसा व मोसम खर्ची पाडावयाचा आणि नाइलाज झाल्यावर मोबदला घेऊन तो खाली करावयाचा. बादशहाची पाठ फिरली, की तोच पुन्हा जिंकावयाचा. विशाळगड १७०२ मध्ये असाच मोगलांच्या हाती गेला आणि भर पावसाळ्यात परतताना त्यांच्या सैन्याची अतोनात हानी झाली. सातारा, पन्हाळा, सिंहगड, राजगड, तोरणा हे गड औरंगजेबाने घेतले. तथापि सातारा व पन्हाळा १७०७ च्या सुमारास पुन्हा मराठ्यांकडेच होते. दरम्यान मराठी फौजा मोगली मुलखात शिरल्या. नेमाजी शिंदे १७०३ मध्ये माळव्यात उतरला. धनाजी जाधवाने १७०६ मध्ये गुजरातेत मोगलांचा पराभव केला. मराठ्यांच्या पुढील उत्तरेकडील विस्ताराची ही पूर्वतयारीच होय. खाफीखान या मोगल इतिहासकारानेही तिच्या बुद्धिमत्तेची व कर्तृत्वाची प्रशंसा केली आहे.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहूची सुटका झाली व वारसाहक्काचा तंटा उभा राहिला. तिने शाहूचा हक्क नाकारला. परंतु खेडच्या लढाईत (१७०७) धनाजी जाधव शाहूस मिळाल्याने तिचा पक्ष दुबळा झाला. तिने कोल्हापूरच्या गादीचा पाया घातला. पण १७१४ मध्ये सवत राजसबाई हिने आपला मुलगा संभाजी यास गादीवर आणून मायलेकांस पन्हाळ्यावर कैदेत टाकले. शिवाजी तेथेच वारला. वारणेच्या तहाच्या (१७३१) सुमारास ती साताऱ्यास शाहूच्या आश्रयास गेली.

शाहूच्या मृत्यूनंतर गादीवर आलेला रामराजा आपला नातू आहे, असे तिचेच सांगणे होते. पण तो पेशव्यास वश होताच १७५० मध्ये तिने त्यास साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि १७५२ मध्ये जेजुरीस शपथपूर्वक तो आपला नातू नसल्याचे जाहीर केले. या प्रकरणाने छत्रपतींच्या सत्तेची उरलीसुरली प्रतिष्ठा गेली व पेशव्यांचे वर्चस्व पक्के झाले. म्हणजे तिच्या हेतूच्या नेमके उलट घडले. तिच्या हट्टी स्वभावावर इतिहासकारांनी ठेवलेला ठपका अनाठायी नाही; मात्र या उत्तरायुष्यामुळे पहिल्या सात वर्षांचे मोल कमी लेखले गेले, हे अन्यायाचे आहे. अप्पासाहेब पवार यांनी संपादित केलेल्या ताराबाईकालीन कागदपत्रांनी तिच्या कारभाराच्या अभ्यासास भक्कम आधार मिळाला.

पानिपतच्या पराभवानंतर अकरा महिन्यांनी साताऱ्यास तिचे निधन झाले. संगम माहुली येथे तिची समाधी आहे.