नकारातून जन्मलेले विश्वविजेतेपद

स्की फ्लाइंगच्या, म्हणजे अवाढव्य उतारांवरून घेतल्या जाणाऱ्या लांबच लांब स्की-उड्यांच्या, विश्वविजेतेपदाचा उगम सहसा विक्रमांच्या यादीत शोधला जातो: अमका इतके मीटर गेला, मग तमका त्याच्याही पुढे गेला. माझ्या मते ही स्पर्धा एका नकारातून जन्मली. 1930 च्या दशकात तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियातल्या प्लानित्सा खोऱ्यात इव्हान रोझमान आणि अभियंता स्टान्को ब्लोउदेक यांनी उडीसाठी अवाढव्य उतार उभारला. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाला 80 मीटरपुढचे उतार मंजूर नव्हते. तरी मार्च 1936 मध्ये सेप ब्राडल या अठरा वर्षांच्या ऑस्ट्रियन पोराने तिथेच 100 मीटरची वेस ओलांडली. लोकांनी डोक्यावर घेतलेली गोष्ट नुसत्या फतव्याने थांबत नाही, हे महासंघाला हळूहळू कळले आणि त्याने हा प्रकार वेगळा काढून स्वतःच्या देखरेखीखाली घेतला. 1950 मध्ये जर्मनीत ओबर्स्टडॉर्फला आणि ऑस्ट्रियात कुल्मला असे उतार झाले. 1969 मध्ये गोरिशेक बंधूंनी प्लानित्साला नवा उतार बांधला. तिथेच 1972 मध्ये पहिले विश्वविजेतेपद भरले आणि स्वित्झर्लंडच्या वाल्टर स्टायनरने ते जिंकले.

परभणीच्या वाचकाला बर्फ परका असेल, ही वाट नाही. शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, असेच झाले. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, 2017 मध्ये राज्याने कायदा बदलला, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने त्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. तिथे प्रश्न मुक्या जनावराचा होता, इथे माणसाच्या स्वतःच्या जिवाचा. हा फरक मोठाच. पण दोन्हीकडे नियमावली आधीच्या मनाईच्या पोटातून आली.

कोणी म्हणेल, महासंघाची भीती हा जुन्या मंडळींचा नुसता कर्मठपणा होता. तसे नाही. 1973 मध्ये ओबर्स्टडॉर्फला खुद्द स्टायनर उताराच्या पार खालपर्यंत जाऊन आपटला होता. पुढच्याच वर्षी प्लानित्सात उडी फार लांब जाऊ नये म्हणून सुरुवातीची जागा खाली आणा, असे तोच परीक्षकांना विनवत होता. वेर्नर हेर्झोगच्या माहितीपटात ते सगळे दिसते. 1986 मध्ये कुल्मला आंद्रेयास फेल्डर 191 मीटर गेल्यावर तर महासंघाने त्यापुढच्या अंतराला गुण देणेच बंद केले. सर्वांत लांब उडीसाठीच असलेल्या खेळात जास्त लांब उडीला किंमत नाही! हास्यास्पद वाटते खरे, पण या स्पर्धेचा मूळ स्वभाव याच नियमात उघडा पडतो. स्की इंग्रजी व्हीसारख्या फाकवण्याची शैली रुळली, हवेतला तोल सुधारला आणि 1994 मध्ये टोनी निएमिनेन प्लानित्सात 203 मीटरवर उतरला. तेव्हा तो बांध फुटला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अखेर लोक अंतर बघायलाच येतात, मग विक्रम हेच मूळ का मानू नये? एप्रिल 2024 मध्ये जपानचा र्‍योयू कोबायाशी आइसलँडमध्ये, खास त्यासाठी घडवलेल्या उतारावरून 291 मीटर गेला. महासंघाने तो विक्रम मानला नाही. अधिकृत आकडा मार्च 2025 मध्ये डोमेन प्रेव्हत्सने प्लानित्सात गाठलेला 254.5 मीटरचा आहे. विश्वविजेता तर एका उडीने ठरतच नाही. पूर्ण स्पर्धेत चार फेऱ्यांची बेरीज होते, पाच परीक्षक शैली पाहतात, वारा अनुकूल असला तर गुण वजा होतात. विक्रमाच्या हव्यासाला एवढी कुंपणे लागत नाहीत.

तोच जुना वाद आता महिलांच्या बाबतीत चालला आहे. डानिएला इराश्कोने 2003 मध्येच कुल्मला 200 मीटर गाठले होते, तरी विश्वचषक मालिकेत महिलांना असा उतार मिळायला 2023 साल उजाडले, नॉर्वेतल्या व्हिकेरसुंडला. 2024 चे विश्वविजेतेपद मात्र पुरुषांपुरतेच राहिले.