काजव्यांचा ताल आणि विद्वानांच्या पापण्या

राजाराम महाराज जिंजीहून मोगलांशी झुंजत होते, त्याच 1690 साली एंगेलबर्ट केंफर हा जर्मन वैद्य सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, चाओ फ्राया नदीतून प्रवास करीत होता. काठच्या झाडांवरील असंख्य काजवे एकदम उजळतात आणि एकदम विझतात, असे त्याने लिहून ठेवले. त्याच्या मृत्यूनंतर, 1727 साली, हे लेखन इंग्रजीत प्रसिद्ध झाले.

पण अनेक विद्वानांचा विश्वास बसेना. 1917 साली फिलिप लॉरेंट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिले, की हा ताल काजव्यांचा नसून पाहणाऱ्याच्या लवणाऱ्या पापण्यांचा आहे! सयाममध्ये अनेक वर्षे नोकरी केलेल्या ह्यू स्मिथ यांनी 1935 साली त्याच नियतकालिकात प्रत्यक्ष पाहिलेली हकिकत दिली. तरी कारण उलगडले नव्हते.

ते शोधायला जॉन व एलिझाबेथ बक हे दांपत्य 1965 साली थायलंडला गेले. पकडलेले काजवे त्यांनी बँकॉकच्या हॉटेलातील अंधाऱ्या खोलीत सोडले. प्रथम ते वाटेल तसे लुकलुकले. मग दोघांचा मेळ जमला, मग तिघांचा, आणि हळूहळू मोठ्या गटाचा. आपल्या लेझीमपथकाला ढोलकरी लागतो. इथे म्होरक्या कोणीच नाही. शेजाऱ्याचा प्रकाश पाहून प्रत्येक नर आपली पुढची लकाकी थोडी मागेपुढे सरकवतो, एवढेच.

अमेरिकेत असे काजवे नाहीत, ही समजूतही अशीच मोडली. टेनेसीतील एल्कमाँट येथे लिन फॉस्ट या बाई ते वर्षानुवर्षे पाहत होत्या. त्यांनी पत्राने कळविल्यावर शास्त्रज्ञ आले आणि 1995 साली मोइसेफ व कोपलँड यांचा शोधनिबंध निघाला.

आपल्या महाराष्ट्रात भंडारदऱ्याच्या परिसरात मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर, हिरडा, बेहडा, सादड्याची झाडे अशीच लखलखतात. तिथे आता पर्यटकांची झुंबड उडते. काजव्याचा प्रकाश म्हणजे मादीला घातलेली साद. मोटारीच्या आणि बॅटरीच्या झोतात ती साद बुडून जाते. पायांखालच्या ओलसर पाचोळ्यात त्यांच्या अळ्या वाढतात, त्याही तुडवल्या जातात.

पालकहो, केंफरच्या आणि फॉस्टबाईंच्या हाती प्रयोगशाळा नव्हती; डोळे आणि लेखणी होती. येत्या मृगात आपल्या तापीकाठी काजवा दिसलाच, तर अंगणातला दिवा घटकाभर मालवा आणि मुलांना तारीख, वेळ, झाड वहीत टिपू द्या. मुलाने तिथे काजवा लिहिले काय, जुगनू लिहिले काय, नोंद सारखीच मोलाची आहे.