कोपरगावची नेमणूक

9 जुलै 2006 ला बर्लिनमध्ये, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, झिनेदिन झिदानने इटलीच्या मातेराझीच्या छातीत डोके हाणले. पंचांनी लाल कार्ड काढले आणि आधीच निवृत्ती जाहीर केलेल्या या खेळाडूची कारकीर्द तिथेच संपली. थोरामोठ्यांना उतरणीवर राग आवरत नाही, असे त्यानंतर सगळीकडे म्हटले गेले. पण राग उतरणीवरचा नव्हताच. 1998 च्या विश्वचषकात सौदी अरेबियाच्या खेळाडूला तुडवल्याबद्दल झिदान बाहेर गेला होता. 2000 मध्ये युव्हेंटसकडून खेळताना हँबुर्गच्या खेळाडूला त्याने अशीच डोक्याने धडक दिली होती. 1998 ला दोन सामन्यांची बंदी भोगून तो परतला, अंतिम सामन्यात दोन गोल केले आणि आधीचे सारे धुऊन निघाले. गुणी माणसाचा राग उतारवयात जन्मत नाही, उतारवयात तो माफ व्हायचा थांबतो. याचा आपल्याकडचा पुरावा गोदाकाठी, कोपरगावात आहे. आणि त्या रागाची किंमत एका चषकापेक्षा फार मोठी होती.

रघुनाथराव पेशवे, म्हणजे राघोबादादा, 11 डिसेंबर 1783 ला कोपरगावी वारले. वय 49. एप्रिल 1758 मध्ये त्यांच्या फौजांनी अब्दालीच्या मुलाला लाहोरातून हुसकावले तेव्हा त्यांची पंचविशीही उलटली नव्हती. अटकेपार झेंडे नेण्याचे श्रेय आपण आजही त्यांनाच देतो, स्वतः दादा लाहोरहून परतले असले तरी. या पराक्रमाने खजिना मात्र भरला नाही, उलट कर्ज झाले. चुलतभाऊ सदाशिवरावभाऊंनी हिशेब काढताच दादा उसळले आणि पुढची मोहीम तुम्हीच करा असे त्यांनी सुनावल्याचे इतिहासकार ग्रँट डफ सांगतो. पुढची मोहीम पानिपतची होती, आणि तिच्यावर भाऊ गेले. म्हणजे दादांचा तापट, मानी स्वभाव ऐन भरातलाच आहे. तो पराभवातून उगवलेला नाही.

खरी परीक्षा 1762 ला झाली. पुतण्या माधवराव गादीवर, वय सतरा. कारभार कोणाचा यावरून ठिणगी पडली. दादांनी निजामाची मदत घेऊन पुतण्यावर चाल केली आणि आळेगावला माधवराव आपण होऊन काकांच्या छावणीत हजर झाले. घरच्या राज्यावर परक्याला आणणे याहून मोठा अपराध कोणता? तरी वर्षभरात, ऑगस्ट 1763 मध्ये, राक्षसभुवनला त्याच निजामाविरुद्ध काका-पुतणे एकत्र लढले, जिंकले, आणि आळेगावची गोष्ट मागे पडली. मागे पडली, कारण दादांची तलवार अजून हवी होती. पुढे उत्तरेत दादांचा गोहदचा वेढा फसला, माधवराव स्वतः जाणते सेनापती झाले आणि दादांची गरज उरली नाही. मग 1768 ला धोडपवर तोच हट्ट, तेच बंड. पण या वेळी शनिवारवाड्यात कैद. गुन्हा आळेगावपेक्षा मोठा नव्हता. कैदेची जागाही काय, तर गादीपासून चार पावलांवर!

यावर कोणी म्हणेल की हा राग नव्हे, राज्यलोभ आहे. आणि 30 ऑगस्ट 1773 ला माधवरावांचा धाकटा भाऊ आणि पुढचा पेशवा नारायणराव याचा खून झाल्यावर फुटबॉलपटूच्या धडकेशी तुलनाच कशाला? दुसरा आक्षेप निम्मा मान्य आहे. पापाची मापे एक नाहीत, आणि न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दादांना दोष दिला तो उगाच नाही. झिदानला परतीची वाट नव्हती, पंचाचा निर्णय अखेरचा होता. दादांना मात्र पुण्याच्या कारभाऱ्यांनी पेशवेपदावरून काढल्यावर इंग्रजांनी 1775 ला सुरतेच्या तहाने नवे मैदान दिले. पण निव्वळ लोभ म्हणावे, तर इंग्रज आणि पुणे यांच्यातला 1776 चा पुरंदरचा तह पाहावा. त्यातली कलमे मोठी बोलकी आहेत. दादांनी फौज मोडून कोपरगावी राहावे. खर्चाला महिना 25,000 रुपये मिळतील. 200 नोकर त्यांनी स्वतः निवडावेत. दिमतीला 1,000 स्वार, पण त्यांचा पगार आणि त्यांची बदली पुण्याच्या मर्जीने. पैशाला कमी नव्हते. खटकणारे होते ते स्वार: बाहेरून इतमाम, आतून पहारा. जिवाची भीतीही असेल, ती खोटी म्हणता येत नाही. तरी लाहोर घेतलेल्या माणसाला आपला घोडदळाचा पहारा दुसऱ्याने बदलावा हे सोसले नाही, असेच मला वाटते. त्यांनी तह झुगारला. पुढे वडगावला इंग्रज फौजेची शरणागती, गुजरातेतल्या मोहिमा, सहा वर्षांची लढाई.

आणि 1782 च्या सालबाईच्या तहात काय मिळाले? महिना 25,000 रुपये, राहण्याची जागा आपल्या पसंतीने. दादांनी कोपरगावच निवडले. शुक्राचार्यांचे देऊळ असलेल्या बेटाजवळचे, गोदावरीच्या वळणावरचे हे गाव त्यांना आवडायचे, हे तर खरेच. पण जी नेमणूक लढाईआधी घरबसल्या मिळत होती ती हजारो माणसे गमावून घेतली, आणि तिचा उपभोग काही महिनेच झाला. पुणेकरांनीही आता त्यांना माफ केले असे नव्हे. त्यांची दखल घ्यायचे कारणच उरले नव्हते.

दादा वारले तेव्हा त्यांचा मुलगा बाजीराव आठ वर्षांचा होता. 1802 ला वसईत त्याने इंग्रजांशी तह केला, 1818 ला राज्य गमावले, आणि वार्षिक 8 लाखांची नेमणूक घेऊन बिठूरला गेला. ती मात्र त्याने बिनबोभाट घेतली आणि 1851 पर्यंत, तेहतीस वर्षे, उपभोगली.