दाखला कुठला, हात कुणाचा?

काही वर्षांपूर्वी भाचीच्या एमबीबीएस प्रवेशासाठी डोमिसाईलचा दाखला काढायला तिच्यासोबत तहसील कचेरीत गेलो होतो. रांगेत उभ्या उभ्या मनात आलं, माणूस इथला की बाहेरचा हे ठरवणारा हा 'दाखला' स्वतः मात्र अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेला! त्याच्याकडे कुणी डोमिसाईल मागितलं नाही.

विनोद बाजूला ठेवू. सर्जन व्हायला निघालेल्या डॉक्टरांना हाच कागद एकेकाळी फार आडवा येत असे. अनेक राज्यांनी एम.एस.च्या जागाही आपल्या रहिवाशांसाठी राखल्या होत्या. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २२ जून १९८४ रोजी डॉ. प्रदीप जैन खटल्याचा निकाल लागला. तो न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी लिहिला. 'भूमिपुत्र' या भूमिकेचा त्यांनी खरपूस समाचार घेतला. राज्याचं वेगळं डोमिसाईल नसतंच, ते एकच, भारताचं, असं बजावलं.

तरीही एमबीबीएससाठी त्यांनी रहिवासाची अट मर्यादेत चालवून घेतली. मागास भागातल्या मुलाची शर्यत कुठून सुरू होते, हे त्यांना दिसत होतं. पदव्युत्तर शिक्षणाला मात्र ही अट नको. फार तर निम्म्या जागा त्याच संस्थेत शिकलेल्यांना द्याव्यात. आणि न्यूरोसर्जरीसारख्या शाखेत तेवढीही सवलत नाही. तिथे साऱ्या देशातून गुणवत्तेवरच निवड. मेंदू उघडून टेबलावर पडलेल्या रुग्णाला सर्जनचं गाव ठाऊक असून काय उपयोग?

पण गुणवत्ता मोजायची कशी? एका विद्यापीठाचे साठ गुण दुसऱ्याच्या साठांएवढे नसतात. म्हणून देशभर एकच परीक्षा आली. १९८६ मध्ये दिनेश कुमार खटल्यात पदव्युत्तरच्या २५ टक्के जागा तिच्यासाठी ठरल्या. पुढे त्या ५० टक्के झाल्या. रहिवासाची अट मात्र उरलेल्या जागांत कुठे कुठे तग धरून राहिली. चंदीगडच्या महाविद्यालयावरून निघालेल्या तन्वी बहल खटल्यात २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पदव्युत्तर प्रवेशासाठी घटनाबाह्य ठरवली. आधी प्रवेश मिळालेल्यांना हात लावला नाही, हे बरं केलं. पण चाळीस वर्षं गेली!

मला एक गोष्ट अजून खटकते. दोनशे पर्यायी प्रश्नांच्या नीट-पीजीत उमेदवाराला टाका घालता येतो की नाही, हे कळत नाही. हात तपासायचा तर समोर परीक्षक बसवावा लागेल, आणि परीक्षक समोर बसला की मागून वशिला येतो. तूर्त मला ही आंधळी परीक्षाच बरी वाटते. आणि हो, 'वशिला'ही अरबीच.