वेळेवर येणारे दुखणे

इतिहासाचा मास्तर बोलायला बसला म्हणजे गड, लढाया आणि तह यांच्या गोष्टी निघणार, अशी आपली अपेक्षा असते. आज मी तसे काही सांगणार नाही. आज एका दुखण्याचा इतिहास सांगायचा आहे. दुखण्याला कसला आला आहे इतिहास, असे कोणी म्हणेल. पण एखादे दुखणे माणसांनी केव्हा ओळखले, त्याला नाव कोणी दिले, कोण कुठे चुकले आणि उतारा कसा सापडला, हाही इतिहासच आहे. तो ठाऊक नसला म्हणजे माणसाचे काय हाल होतात, हे मी स्वतः सोसले आहे.

आमच्या कर्जत-खालापूर भागात ठाकुरवाडी नावाच्या वाड्या एकाहून अधिक आहेत. ठाकर लोकांची वस्ती ती ठाकुरवाडी. बोरघाटातून १८६३ साली आगगाडी सुरू झाली. त्या घाटमार्गावरच्या एका ठाण्याचे नावही ठाकुरवाडीच आहे. नोकरीला लागलो तेव्हा मी अशाच एका वाडीच्या कडेला खोली घेऊन राहत होतो. कर्जतला जादा इंजिने जोडून रात्रीची गाडी घाट चढू लागली की तिचा आवाज डोंगरात घुमत यायचा.

सत्ताविसाव्या वर्षी, पावसाळा संपता संपता, मला ते दुखणे पहिल्यांदा झाले. झोपेतून दचकून उठलो तो उजव्या डोळ्यामागे कुणी तापलेली सळई खुपसावी तशी कळ. डोळा लालभडक, त्यातून पाणी वाहतेय, पापणी अर्धी मिटलेली, त्याच बाजूची नाकपुडी चोंदलेली. पडवेना, बसवेना. अंगणात येरझाऱ्या घातल्या, ओटीच्या खांबावर कपाळ आपटले. पाऊण तासाने कळ आली तशी निघून गेली. दुसऱ्या रात्री त्याच सुमारास, घाट चढणाऱ्या त्याच गाडीच्या आवाजाबरोबर, पुन्हा हजर! असे दीड महिना चालले आणि एके दिवशी सगळे थांबले. मला वाटले, सुटलो. पुढच्या वर्षी त्याच हंगामात दुखणे परत दारात उभे.

मग उपाय सुरू झाले. कुणी म्हणाले अर्धशिशी आहे, सुंठेचा लेप लावा. कुणी सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खायला सांगितली. चष्मा लागला. नाकाची औषधे झाली. एका दवाखान्यात दाढांचा दोष ठरला आणि माझ्या दोन धडधाकट दाढा गेल्या. कळ होती तिथेच राहिली. मध्यरात्री खांबावर डोके आपटणारा माणूस पाहिल्यावर लोकांना जे वाटायचे तेही वाटले, आणि नातलग मला भगताकडे घेऊन गेले. अशी सहा वर्षे गेली. सातव्या वर्षी एका तरुण डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला. "सर, दुखतं तेव्हा तुम्ही अंधारात पडून राहता, की येरझाऱ्या घालता?" येरझाऱ्या घालतो म्हटल्यावर त्यांनी दुखण्याची वेळ विचारली, हंगाम विचारला, डोळ्यातल्या पाण्याचे विचारले, आणि दुखण्याचे नाव सांगितले.

हे प्रश्न त्यांना सुचले कसे? त्यांच्यामागे साडेतीनशे वर्षांची निरीक्षणे उभी होती. ती आता क्रमाने पाहू.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांत अर्धावभेदक आहे. आपण ज्याला अर्धशिशी म्हणतो ते हे. सूर्यावर्त नावाचाही एक रोग आहे. सूर्याबरोबर डोळा आणि भुवई दुखू लागते, ऊन चढेल तशी कळ चढते आणि दिवस कलला की उतरते, असे त्याचे वर्णन. माझे दुखणे म्हणजेच सूर्यावर्त, असे मी म्हणणार नाही. जुन्या नावाला नवा रोग चिकटवण्याची घाई इतिहासाच्या माणसाने करू नये. पण काही डोकेदुख्या वेळ पाळून येतात, ही गोष्ट आपल्या वैद्यांच्या नजरेतून सुटली नव्हती, एवढे खास.

युरोपात हॉलंडमधले डॉक्टर निकोलस तुल्प यांनी १६४१ च्या आपल्या ग्रंथात एका रोग्याची हकीकत लिहिली. हे तुल्प म्हणजे रेम्ब्रांट या थोर चित्रकाराने १६३२ साली शवविच्छेदनाचा पाठ देताना रंगवले ते. त्यांच्या रोग्याचे डोके उन्हाळ्याच्या सुरुवातीला रोज ठराविक वेळी दुखू लागे. दुखणे दोन तासांवर क्वचितच जाई; पण तेवढ्यात तो म्हणे, आता सोसवत नाही. पुढे १७४५ मध्ये व्हान स्वीटेन या डॉक्टरांनी एका धट्ट्याकट्ट्या, मध्यमवयीन माणसाचे वर्णन केले. रोज त्याच वेळी डाव्या डोळ्याच्या वर कळ, मग डोळा लाल होऊन पाणी, मग डोळा खोबणीतून बाहेर ढकलला जातोय अशी वेदना. आणि काही तासांनी सगळे शांत, डोळ्यात दोष म्हणून काही दिसत नाही. हे वर्णन मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. पावणेतीनशे वर्षांपूर्वी, सातासमुद्रांपलीकडे, माझेच दुखणे कुणी तरी कागदावर उतरवून ठेवले होते.

मात्र निरीक्षण झाले म्हणजे इलाज सापडला असे होत नाही. १९२६ साली लंडनचे विल्फ्रेड हॅरिस यांनी हे दुखणे इतर डोकेदुख्यांपासून वेगळे काढले. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे बायर्ड हॉर्टन यांनी अनेक रोगी तपासून त्याचे नीट वर्णन केले. त्यांतल्या काही रोग्यांनी जिवाचे बरेवाईट करून घेऊ नये म्हणून त्यांच्यावर सतत पाळत ठेवावी लागे, असे त्यांनी नमूद केले आहे. हॉर्टन यांची नजर अचूक होती, पण कारण सांगताना ते चुकले. शरीरात हिस्टॅमिन नावाचे द्रव्य असते, त्याच्यावर त्यांनी दोष ठेवला आणि त्याच्याच सुया देऊन उपचार केले. पुढे ते टिकले नाही. म्हणून हॉर्टन यांचे मोल कमी होत नाही. रोगी काय सांगतो ते त्यांनी लक्ष देऊन ऐकले आणि ते लिहून ठेवले; पुढच्यांना त्याचाच आधार झाला.

आजचे नाव १९५२ च्या सुमारास अमेरिकेतील कंकल यांच्या लेखनातून रूढ झाले. ते म्हणजे 'क्लस्टर' डोकेदुखी. क्लस्टर म्हणजे घोस. आमच्या डोंगरात चैत्र-वैशाखात जाळ्यांवर करवंदांचे घोस लागतात आणि मग वर्षभर जाळी रिकामी असते. तसेच या झटक्यांचे आहे. काही आठवडे किंवा दोन-तीन महिने झटक्यांचा घोस लागतो, आणि मग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, काही नाही. थोड्या रोग्यांना मात्र अशी उसंत मिळतच नाही. एक झटका पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत टिकतो. तो एक दिवसाआड येईल, किंवा दिवसातून आठ वेळाही येईल. हजारात सुमारे एका माणसाला आयुष्यात हे दुखणे होते, असा अंदाज आहे. पुरुषांत ते अधिक आढळते, पण बायकांना होत नाही असे नाही.

ते घड्याळ लावल्यासारखे का येते? १९९८ साली लंडनमध्ये आर्ने मे, पीटर गोड्सबी आणि त्यांचे सहकारी यांनी झटका चालू असताना रोग्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग जागा झालेला दिसला. आपली झोप, जाग, दिवसरात्रीचे भान यांचे घड्याळ याच भागात आहे. म्हणजे दोष दाढेत नव्हता, डोळ्यात नव्हता, आणि कुणाच्या नजरेतही नव्हता.

आता उताऱ्याकडे वळू. झटका आल्यावर दोन गोष्टी उपयोगी ठरल्या आहेत. पहिली म्हणजे शुद्ध ऑक्सिजन. हॉर्टन यांच्या काळापासून तो वापरून पाहिला जात होता. १९८१ मध्ये ली कुड्रो यांनी ५२ रोग्यांवर त्याची परीक्षा केली, तेव्हा चारांपैकी तिघांना चांगला आराम पडला. २००९ मध्ये गोड्सबी आणि सहकाऱ्यांनी मिनिटाला १२ लिटर या वेगाने पंधरा मिनिटे ऑक्सिजन दिला. त्या पंधरा मिनिटांत शंभरांतले ७८ झटके शमले. तशाच नळकांड्यातून साधी हवा दिली तेव्हा फक्त २०. दुसरी गोष्ट म्हणजे सुमाट्रिप्टान या औषधाची कातडीखाली द्यायची सुई. १९९१ साली तिचा गुण सिद्ध झाला. हृदयविकार असलेल्यांना मात्र ती चालत नाही. साध्या वेदनाशामक गोळ्या पोटात जाऊन लागू पडेपर्यंत झटका ओसरू लागलेला असतो. त्या मूठमूठ खाऊन पोट बिघडते, एवढेच.

झटके येऊच नयेत म्हणून हंगाम सुरू होताच व्हेरापामिल हे औषध देतात. ते हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते, म्हणून अधूनमधून ईसीजी काढावा लागतो. काहींना थोडे दिवस स्टेरॉइड, काहींना लिथियम, काहींना मानेच्या मागच्या शिरेपाशी सुई देतात. हे सगळे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. हंगामात दारूचा एक घोटही झटका ओढवून आणतो, हे पक्के ध्यानात ठेवावे. रोग समूळ जाईल असे औषध अजून नाही. पण सोसण्याजोगे आयुष्य नक्की मिळते. मला मिळाले आहे.

खेड्यात हे जमायचे कसे, असे तुम्ही विचाराल. २०२१ च्या करोनाच्या लाटेत ऑक्सिजन हा शब्द वाडीवाडीत पोचला. सिलिंडर, मास्क, हवेतून ऑक्सिजन काढणारी यंत्रे लोकांनी डोळ्यांनी पाहिली. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आधीच जाऊन ठेवावे आणि सांगावे, की मला असा झटका येतो, आलो तर ऑक्सिजन द्या. घरी ठेवायच्या लहान यंत्रातून मिनिटाला पाचच लिटर मिळतात, ते पुरत नाहीत. सिलिंडर आणि पिशवीचा मास्क लागतो. तोही दवाखान्याचाच ऑक्सिजन हवा, वेल्डिंगच्या दुकानातला नव्हे. आणि जवळपास विडीकाडी, चूल काही पेटलेले नको.

आमच्या शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. गावात अशा माणसाला पहिला सल्ला विचारायला लोक तुमच्याकडेच येतात. तेव्हा त्याला एक वही घालून द्या. तारीख, झटक्याची वेळ, किती मिनिटे टिकला, कोणती बाजू, डोळ्याला पाणी आले का, एवढेच लिहायचे. ती वही घेऊन त्याला मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे पाठवा. माझ्या सहा वर्षांत अशी वही कुणी ठेवायला लावली असती, तर दोन दाढा तरी वाचल्या असत्या. मात्र डोकेदुखी आयुष्यात प्रथमच एकाएकी उसळली, ताप आला, मान ताठली, नजर अंधुक झाली किंवा हातापायातले बळ गेले, तर वहीत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

शेवटी सोबतीविषयी. माझ्या शेजारी एक म्हातारे ठाकर राहत. मी अंगणात येऊ लागलो की ते बॅटरी घेऊन ओटीवरून उतरत. "मास्तर, चला, चालू आपण," एवढेच म्हणत. मग बांधापर्यंत जायचे आणि परत यायचे. त्यांनी कधी औषध सांगितले नाही, कधी "डोकं तर दुखतंय, एवढं काय" असेही म्हटले नाही. दुसऱ्या वर्षी एका रात्री मी बांधाच्या पुढे, विहिरीच्या रोखाने चालू लागलो. त्यांनी माझे मनगट धरले आणि गाडी घाट चढून आवाज विरेपर्यंत सोडले नाही. त्या रात्रीविषयी आम्ही दोघे पुढे कधी बोललो नाही. आज कुणाच्या मनात तसा विचार आला, तर १४४१६ या क्रमांकावर सरकारी टेलि-मानस सेवेत कोणत्याही वेळी बोलता येते. पण फोन लावीपर्यंत हात धरणारे माणूस जवळ असावे लागते.

आता ते म्हातारे नाहीत. माझ्या कपाटात ऑक्सिजनचा मास्क आहे, टेबलावर वही आहे. हंगाम आला की घरची माणसे रात्री दिवा लावून ठेवतात. तुमच्या वाडीत कुणी मध्यरात्री अंगणात येरझाऱ्या घालताना दिसला, तर त्याला झपाटलेला म्हणण्याआधी जवळ जा, आणि विचारा: रोज याच वेळी दुखतं का?